गावच्या घरी सोलर बसवायचंय, लाईट गेल्यावर बाबांचं ऑक्सिजन मशीन चालेल का?

गुहागरकर_पुण्यात

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, सांभाळून घ्या. आमचं घर गुहागर तालुक्यात, जांभ्याचं, वर कौलं, पुढे पडवी, मागे गोठा आहे पण आता गुरं नाहीत, गोठ्यावर पत्रा आहे. आई-बाबा दोघंच असतात तिकडे, मी पुण्याला. बाबा ७४ वर्षांचे, फुफ्फुसाचा जुना त्रास आहे आणि गेल्या दिवाळीपासून डॉक्टरांनी रात्री झोपताना आणि दुपारी दोन तास ऑक्सिजन लावायला सांगितलाय, मिनिटाला २ लिटरवर. त्यासाठी हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं ५ लिटरवालं कॉन्सन्ट्रेटर मशीन घेतलंय, ते लाईटवर चालतं.

आता मूळ मुद्दा. मागच्या आठवड्यात अवकाळी पाऊस आला, रात्री साडेअकराला लाईट गेली. घरी इन्व्हर्टर आहे, १५० एएचची एक ट्युब्युलर बॅटरी, चार वर्षं झाली तिला. पावणेदोनला आईचा फोन, "मशीन पीं पीं करतंय आणि बंद पडलं रे." मी पुण्यातून काय करणार, शेजारच्या वाडीतल्या एकाला फोन करून उठवलं, तो बिचारा गेला, पण करणार काय, डीपीचाच डीओ, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरचा फ्यूज, उडाला होता. बाबा पहाटेपर्यंत उशांना टेकून बसून राहिले, आई पंख्याने वारा घालत होती. सकाळी आठला वायरमन आला तेव्हा लाईट आली. मी त्या रात्री झोपलो नाही आणि तेव्हाच ठरवलं की पावसाळ्याच्या आत काहीतरी कायमचं करायचं.

एका सोलरवाल्याला बोलावलं, तो ३ किलोवॅटचं ऑनग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाईनला जोडलेलं बिनबॅटरीचं, सांगतोय, १ लाख ९५ हजार, त्यात ७८ हजार सबसिडी मिळेल म्हणतो. मी त्याला दोनदा विचारलं की लाईट गेल्यावर काय, तर म्हणाला दिवसा पॅनलवर चालेल आणि रात्री तुमचा इन्व्हर्टर आहेच. हे खरं आहे का? आधी महिना ११०-१२० युनिट जायची, मशीन आल्यापासून २३० च्या आसपास जातात, बिल हजार-अकराशेवरून अडीच हजारावर गेलंय, त्यामुळे बिल कमी झालं तर हवंच आहे पण ते नंतर, आधी बाबांची रात्र. कोणी कोकणात बसवलं असेल तर प्लीज खरं काय ते सांगा.

दापोलीचं_घर

दादा, आधी एक सांगतो, त्या माणसाला अजून पैसे देऊ नका. ऑनग्रिड सोलर लाईट गेली की बंद पडतं, भर दुपारी बारा वाजता ऊन रणरणत असलं तरी बंद पडतं. हा बिघाड नाही, ते तसंच बनवलेलं असतं, कारण लाईन बंद करून वायरमन खांबावर चढलेला असताना तुमच्या छपरावरून वीज उलटी तारेत गेली तर त्याचा जीव जाईल, म्हणून ग्रिड गेली की इन्व्हर्टरने काही क्षणात आपणहून तुटायचं असा नियमच आहे. म्हणजे "दिवसा पॅनलवर चालेल" हे साफ चुकीचं सांगितलंय तुम्हाला.

मी हे अनुभवातून सांगतोय. आम्ही २०२२ ला दापोली तालुक्यात ३ किलोवॅट ऑनग्रिडच बसवलं होतं, कोणी काही सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. पहिल्याच जूनमध्ये तीन दिवस लाईट नव्हती आणि छपरावर पावणेदोन लाखाचे पॅनल असून आम्ही मेणबत्त्या लावून बसलो. वडील म्हणाले, मग हे घेतलं कशाला? मला उत्तर देता आलं नाही. नंतर दीड वर्षाने तो इन्व्हर्टर काढून हायब्रिड, म्हणजे पॅनल, बॅटरी आणि लाईन तिन्हीवर चालणारा, घातला आणि ५ युनिटची लिथियम बॅटरी जोडली, त्याला वेगळे दीड लाख गेले. आधीच केलं असतं तर पहिल्या इन्व्हर्टरचे पैसे वाचले असते.

अजून एक, कोकणात ऑनग्रिडचं दुसरं दुखणं म्हणजे व्होल्टेज. आमचं घर लाईनच्या शेवटाला आहे, संध्याकाळी १७० आणि दुपारी कधी २५५. व्होल्टेज हद्दीबाहेर गेलं की इन्व्हर्टर तुटतो, परत जुळायला दोनचार मिनिटं घेतो, परत तुटतो, असं दिवसात दहा वेळा झालं की निम्मं ऊन वाया. तुमच्याकडे दुपारी बारा-एकला व्होल्टेज किती असतं ते आठवडाभर बघून ठेवा, वायरमनकडे मीटर असतो.

आणि उत्पादनाचे आकडे देतो म्हणजे अंदाज येईल. माझ्या ३ किलोवॅटला एप्रिल-मे मध्ये दिवसाला १३-१४ युनिट होतात. जुलैत सरासरी सातच्या आसपास. पण सलग अंधारून पाऊस लागला की २ ते ३ युनिट, एका दिवशी तर १.८ झालं होतं. आणि लाईट नेमकी त्याच दिवसांत जाते.

पाना_आणि_पॅनल

मी सांगली-कोल्हापूर भागात ९ वर्षं हेच काम करतोय, वर दापोलीच्या दादांनी सांगितलंय ते शंभर टक्के बरोबर. आमच्याच धंद्यातली माणसं असं सांगतात याचं वाईट वाटतं, पण बिल कमी करणारं सोलर आणि बॅकअप देणारं सोलर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे गिऱ्हाईकाला पहिल्या भेटीतच सांगायला पाहिजे.

तुमच्या केसमध्ये किलोवॅटचा हिशोब आधी करूच नका. रात्रीचा हिशोब करा. ५ लिटरचं मशीन साधारण ३०० ते ३५० वॅट घेतं, मशीनच्या मागच्या स्टिकरवर लिहिलेलं असेल. ३५० धरा. रात्री ९ ते सकाळी ७ म्हणजे १० तास, झाले साडेतीन युनिट. दोन पंखे, साधे असतील तर ७५ वॅटचे, दोन मिळून रात्रीत दीड युनिट. हेच पंखे बीएलडीसी, म्हणजे कमी विजेत चालणाऱ्या मोटरचे, घेतले तर ३० वॅटचे, दोन मिळून ०.६ युनिट. म्हणून बॅटरी घ्यायच्या आधी पंखे बदला, तीन हजाराचा एक पंखा येतो आणि तो तुमची बॅटरी मोठी करतो असं समजा.

म्हणजे मशीन, दोन पंखे, एक छोटा एलईडी आणि वायफाय मिळून रात्रीचे सव्वाचार युनिट. आता बॅटरी. ५१.२ व्होल्ट १०० एएच लिथियम फॉस्फेट म्हणजे कागदावर ५.१२ युनिट. ९० टक्के वापरायची म्हटलं तर ४.६, त्यातून इन्व्हर्टरचा लॉस गेला की हातात ४.१ किंवा ४.२ येतात. म्हणजे एक बॅटरी, एक रात्र, आणि सकाळी रिकामी. दुसऱ्या दिवशी अंधारलेलं असेल आणि लाईटही आली नसेल तर दुसरी रात्र जाणार नाही. त्यामुळे एक तर दोन बॅटऱ्या किंवा एक बॅटरी आणि एक छोटा जनरेटर.

तुमची आत्ताची बॅटरी का बसली तेही यातच आहे. १२ व्होल्ट १५० एएच म्हणजे १.८ युनिट नवी असताना, ट्युब्युलर निम्म्याच्या खाली उतरवली की तिचं आयुष्य कमी होतं, आणि चार वर्षं जुनी. दोन-सव्वादोन तास चाललं ते तिने जमेल तेवढं दिलं. पण एक विचारतो, तो इन्व्हर्टर प्युअर साईनवेव्ह, म्हणजे लाईनसारखी सुरळीत वीज देणारा, आहे का? स्क्वेअर वेव्ह असेल तर त्यावर मशीनचा कॉम्प्रेसर घूं घूं आवाज करतो आणि तापतो. आईंना विचारा, लाईटवर आणि इन्व्हर्टरवर मशीनचा आवाज वेगळा येतो का. येत असेल तर ते मशीन त्या इन्व्हर्टरवर लावणं आजपासून बंद करा.

माईंची_लेक

भाऊ, तुमची पोस्ट वाचून रडू आलं, कारण आम्ही या सगळ्यातून गेलोय. माझ्या आईला दोन वर्षं कॉन्सन्ट्रेटर होता, आम्ही सांगली जिल्ह्यात. सोलरचं तुमचं यथावकाश होईल, त्याला महिना-दोन महिने जातील, पण आज उद्यामध्ये एक करा, घरात ऑक्सिजनचा सिलिंडर आणून ठेवा. बी टाईप म्हणतात तो, भरलेल्यात साधारण १५०० लिटर असतो, २ लिटरवर १२ तास जातो. म्हणजे एक पूर्ण रात्र. त्याला लाईट लागत नाही, बॅटरी लागत नाही. रेग्युलेटर आणि पाण्याची बाटली जोडून तयार ठेवायचं, आणि मुख्य म्हणजे आईंना दिवसा उजेडी चार वेळा उघडून-बंद करून दाखवायचं. चावी कुठल्या बाजूला फिरवायची हे अंधारात घाबरलेल्या माणसाला आठवत नाही, आम्ही सिलिंडरच्या मानेला लाल रिबीन बांधली होती आणि चावी दोऱ्याने तिथेच लटकवली होती. सिलिंडर चुलीपासून, देवघरातल्या निरांजनापासून लांब, आणि खाली पडणार नाही असा भिंतीला साखळीने बांधून.

डॉक्टरांना पण विचारून ठेवा की लाईट नसताना किती वेळ बिनऑक्सिजन चालेल आणि बोटाला लावायच्या मीटरवर किती आकडा आला की थांबायचं नाही, सरळ दवाखान्यात निघायचं. तो आकडा आम्ही फ्रीजवर मोठ्या अक्षरात लिहून चिकटवला होता. मशीनवाल्या कंपनीलाही विचारा की इन्व्हर्टरवर चालवलं तर चालेल ना.

श्रीवर्धनचा_बागायतदार

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्याच अंगावर आलं, श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर. आमच्या वाडीत २७ दिवस लाईट नव्हती. खांब नुसते वाकले नव्हते, काडीसारखे मोडून पडले होते. सुपारीची बाग तर सांगूच नका. म्हणून मी बॅटरीचा हिशोब एका रात्रीचा करत नाही, मी म्हणतो पॅनल जागेवर राहिले पाहिजेत. कारण लांबची आणीबाणी असेल तेव्हा बॅटरी भरणारं दुसरं काही नसतं, डिझेल पण मिळत नव्हतं आम्हाला पहिले पाच दिवस.

तेव्हा स्ट्रक्चर. कौलांवर बसवतो म्हणाला तर नाही म्हणा. कौलं काढून वाशांना क्लॅम्प मारतात, जुने वासे असतात, पहिल्या पावसात गळती सुरू आणि वादळात सगळंच उचललं जातं. गोठा आहे म्हणताय ना, गोठ्याच्या पत्र्याच्या वर स्वतंत्र खांबांवर, जमिनीत काँक्रीटचं फाउंडेशन घालून स्ट्रक्चर उभं करा, गोठ्याच्या भिंतीवर भार नको. हॉट डिप गॅल्व्हनाईज्ड, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेलं, घ्या, नुसता रंग मारलेलं लोखंड खाऱ्या हवेत दोन पावसाळे काढत नाही. नटबोल्ट स्टेनलेसचे. ५५० वॅटचा एक पॅनल सव्वादोन मीटर लांब आणि सव्वा मीटरला जरा कमी रुंद असतो, वजन ३० किलोच्या आसपास, असे सहा. वारा त्याच्या खालून शिरला की शीड होतं त्याचं. म्हणून कोन फार उभा नको, आपल्याकडे १५-१७ अंश दक्षिणेला तोंड करून पुरे.

आणि माड. गोठ्याजवळ माड असेल तर तिथे पॅनल नाही. झावळी पडली तर फ्रेम वाकते, नारळ पडला तर काच गेलीच. सावलीचं पण आहे, एका पॅनलच्या कोपऱ्यावर झावळीची सावली आली तरी त्या ओळीचं उत्पादन घसरतं. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चार, तीन वेळा त्या जागेचे फोटो काढून आणायला सांगा कोणाला तरी.

माझ्याकडे बॅटरी आहे आणि एक छोटा पेट्रोल जनरेटर पण आहे. दोन्ही ठेवा. महिन्यातून एकदा पाच मिनिटं चालू करायचा, नाहीतर नेमका हवा तेव्हा कार्बोरेटर चोक झालेला असतो. आणि जनरेटर घराबाहेर, पडवीतही नाही, त्या धुराने माणूस मरतो, तुमच्या वडिलांना तर मुळीच नको.

गुहागरकर_पुण्यात

तुम्हा सगळ्यांचे खूप खूप आभार, खरंच. माईंची लेक ताई, तुमचं वाचून त्याच दिवशी चिपळूणहून सिलिंडर आणवला. या शनिवारी मी स्वतः गेलो आणि आईकडून सहा वेळा उघड-बंद करून घेतलं, लाल रिबीनसुद्धा बांधली.

पाना आणि पॅनल दादा, तुम्ही म्हणालात तसं आवाजाचं विचारलं, आई म्हणाली इन्व्हर्टरवर मशीन "कण्हल्यासारखं" करतं. म्हणजे तो स्क्वेअर वेव्हच निघाला, मशीन त्यावरून काढलं. आणि प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर मिळतो ना तो घेऊन गेलो, माजघरात मशीनच्या सॉकेटला लावला. चालू करताना क्षणभर आकडा वर जातो आणि मग ३१० वर स्थिर. रात्री नऊला शून्य करून झोपलो, सकाळी सातला आईला म्हटलं बघ काय आहे, तिने चष्मा लावून वाचलं, ३.०९. म्हणजे तुमच्या साडेतीनपेक्षा थोडं कमीच.

माड गोठ्यापासून लांब आहेत पण एक जुना फणस पश्चिमेला आहे, चारनंतर सावली येते. तो तोडायचा नाही, आजीने लावलेला आहे.

आता नवीन अडचण. लाईटबिल अजून आजोबांच्या नावावर आहे, ते २००९ ला गेले. घरात बाबांसह तीन भावांचा हिस्सा, एक काका मुंबईला, एक बडोद्याला. सोलरवाला म्हणतो नाव बदलल्याशिवाय सबसिडी नाही. हे होईपर्यंत पावसाळा सुरू होईल. काय करू?

खांबावरचे_काका

मी वीज खात्यातून निवृत्त झालोय, ३४ वर्षं लाईनवर काढली, म्हणून बोलतो. बाळा, तू दोन कामं एकत्र बांधतोयस ती सोड. पॅनलला वेळ लागू दे. बॅटरीला कसली परवानगी लागत नाही.

आत्ता एप्रिल आहे. आत्ता फक्त हायब्रिड इन्व्हर्टर आणि लिथियम बॅटरी बसव, पॅनल नाही. ती ग्रिडवर चार्ज होईल. आपल्याकडे लाईट सलग तीन दिवस क्वचित जाते, बहुतेक वेळा रात्री जाते आणि सकाळी किंवा दुपारी येते, त्या मधल्या चार तासांत लिथियम भरून घेते, ट्युब्युलरला तेवढ्यात भरता येत नाही. म्हणजे पावसाळ्याच्या नव्वद टक्के रात्री तुझ्या बाबांच्या सुटल्या, पॅनल नसताना. इन्व्हर्टर घेताना मात्र पुढे लागणाऱ्या पॅनलच्या मापाचा आणि नेट मीटरिंगला (जास्तीची वीज लाईनला देऊन बिलातून वजा करायची सोय) चालणारा घे, मॉडेल लिहून घे, म्हणजे दिवाळीनंतर पॅनल जोडताना परत खर्च नको.

नावाचं बघ. महावितरणमध्ये ग्राहकाच्या नावात बदल करायचा अर्ज असतो, ऑनलाईनही होतो. आजोबांचा मृत्यूचा दाखला, घरपट्टीचा उतारा, आणि दोन्ही काकांचं ना हरकत पत्र स्टॅम्पपेपरवर. मुंबई-बडोद्याच्या काकांना मे महिन्यात सुट्टीत गावाला बोलवा, सगळे आंबे खायला येतातच, तेव्हाच सह्या घ्या. पोस्टाने कागद फिरवत बसलास तर गणपती येतील. आणि थकबाकी असेल तर आधी भर.

सबसिडीचं सांगतो, कारण पुष्कळ लोक फसतात. पीएम सूर्यघर योजना २०२४ च्या फेब्रुवारीत आली, त्यात पहिल्या २ किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, म्हणजे ३ किलोवॅटला ७८ हजार, आणि त्यापुढे कितीही लावलं तरी ७८ हजारच. ग्रिडला जोडलेलं असलं पाहिजे, सुटं ऑफग्रिड लावलं तर काही नाही. हायब्रिडला मिळते पण बॅटरीचे पैसे त्यात धरत नाहीत. पॅनल डीसीआरचे, म्हणजे सेलपासून सगळं भारतात बनलेले हवेत. अर्ज करणाऱ्याच्या नावावर मीटर, आणि पैसे नंतर थेट बँकेत. "सबसिडी वजा करून एवढेच द्या" म्हणणाऱ्याशी व्यवहार करायचा नाही. कोटेशन परत मागव, सोलर पॅनलवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ चा ५ टक्के झालाय, त्याने जुनाच धरलाय का बघ.

पाना_आणि_पॅनल

काकांचा सल्ला माझ्यापेक्षा चांगला आहे, मान्य. मी पॅनलवाला म्हणून पॅनलपासून विचार केला. बॅटरी आधी, पॅनल नंतर, हेच करा.

फक्त सेटिंग सांगतो, कारण इथे बसवणारे घाईत निघून जातात. हायब्रिड इन्व्हर्टर कंपनीतून येतो तेव्हा बहुतेक वेळा तो संध्याकाळी बॅटरी वापरून बिल वाचवायच्या मागे असतो. म्हणजे रात्री अकराला लाईट जाईल तेव्हा बॅटरी आधीच ३० टक्क्यांवर आलेली असेल. तुम्हाला ते नकोय. ॲपमध्ये रिझर्व्ह म्हणून असतं, म्हणजे लाईट जाईपर्यंत किती बॅटरी राखून ठेवायची ते, ते जून ते ऑक्टोबर ९० टक्क्यांवर ठेवा, आणि ग्रिडवरून चार्जिंग चालू. मग बॅटरी फक्त लाईट गेल्यावरच हलेल. पॅनल आले की डिसेंबर ते मे रिझर्व्ह कमी करा, तेव्हा बिल वाचवू द्या.

बॅकअपची वायरिंग वेगळी काढा, वेगळा छोटा डीबी, म्हणजे स्विचांचा बोर्ड. त्यावर बाबांच्या खोलीचे सॉकेट, दोन पंखे, माजघरातला दिवा, वायफाय. फ्रीज दिवसा चालेल. पंप, गीझर, मिक्सर यांचा संबंधच नको. एक अश्वशक्तीचा पंप साडेसातशे वॅटचा, पण उचलताना त्याच्या कितीतरी पट ओढतो आणि इन्व्हर्टर ओव्हरलोडला जातो, आणि मशीन पण बंद. पाणी भरायच्या नादात हे झालेलं मी पाहिलंय.

बॅटरी पत्र्याखाली ठेवू नका, गोठ्यात तर नाहीच, एप्रिलमध्ये तिथे भट्टी असते. माजघराच्या आतल्या भिंतीवर, जमिनीपासून दोन फूट वर.

अर्थिंगचं कोकणात जास्त बघा. जांभ्याचा कातळ असेल तर खड्ड्याला ओल राहत नाही, उन्हाळ्यात अर्थिंग नावालाच उरतं. पॅनल लागतील तेव्हा तीन वेगळे खड्डे हवेत, डीसीचा (पॅनलकडचा), एसीचा (घराकडचा) आणि आकाशातल्या विजेपासून वाचवणाऱ्या वीजरोधकाचा, एकाला तिघं जोडून देतात ते चालणार नाही. आडाजवळ किंवा माडांना पाणी जातं त्या बाजूला खड्डा घ्या आणि मीटरने मोजून दाखव म्हणा. तारा पाईपातून, उघडी तार खारीने आठ दिवसांत कुरतडली होती मालवणच्या एका घरी.

किती किलोवॅट? वर्षाच्या बिलापुरतं म्हणाल तर २३० युनिटला २ किलोवॅट पुरतात आणि ६० हजार सबसिडी मिळते. ३ लावले तर उन्हाळ्यात युनिट उरतील, ते पुढच्या महिन्यात जमा होतात पण ३१ मार्चला हिशोब संपतो आणि उरलेल्याला महावितरण कमी दर देते. तरी मी तुम्हाला ३ च सांगेन, अंधारलेल्या दिवशी २ किलोवॅट दीड युनिट देतील तिथे ३ किलोवॅट सव्वादोन देतील, आणि त्या पाऊण युनिटात बाबांचं मशीन सव्वादोन तास चालतं. फणस राहू दे, चारनंतर तसंही फार ऊन पदरात पडत नाही.

दापोलीचं_घर

ॲपचं एक सांगायचं राहिलं. माझ्या फोनवर इन्व्हर्टरचं ॲप आहे, लाईट गेली की मला मेसेज येतो आणि बॅटरी किती टक्के ते दिसतं. तुमच्यासाठी हे फार कामाचं आहे. पण त्यासाठी वायफाय बॅकअपवर हवं आणि गावात फायबर हवं, मोबाईलचा टॉवर लाईट गेल्यावर दोन-तीन तासांत झोपतो.

गुहागरकर_पुण्यात

उशिरा लिहितोय, माफ करा, जून लागला. काकांनी सांगितलं तसंच केलं. जुन्या सोलरवाल्याला नाही म्हटलं, चिपळूणच्या एका मुलाने इन्व्हर्टर आणि ५.१२ ची एक बॅटरी बसवली, वायरिंग धरून १ लाख ४२ हजार झाले. दोन पंखे बीएलडीसी घेतले. दुसरी बॅटरी दिवाळीला पॅनलबरोबर घेणार, म्हणून ही पहिली पुढे तिला जोडता येईल तसलीच घेतलीय. रिझर्व्ह ९० वर.

दोन्ही काका मेमध्ये आले होते. बडोद्याचे काका आधी कां कूं करत होते, हिश्श्याचं काहीतरी होईल म्हणून, मग एका दुपारी त्यांच्यासमोरच लाईट गेली. बाबा मशीन लावून झोपलेले होते, पंखा फिरत राहिला, मशीन चालूच, बाबांची झोपही मोडली नाही. काका पडवीत बसून ते बघत होते. संध्याकाळी म्हणाले, "कागद आण कुठाय तो." नावबदलाचा अर्ज भरला गेलाय.

परवा रात्री पहिला मोठा पाऊस झाला, १२:१० ला मला मेसेज आला की ग्रिड गेली. मी आईला फोन केला नाही, ॲप उघडून बसलो. ९७ टक्के. तीन वाजता ७४. सकाळी सहा वाजता ५१ टक्के होती आणि मग आईचाच फोन आला, दूधवाल्याला सुट्टे पैसे कुठे ठेवलेत विचारायला. मी म्हटलं रात्री लाईट गेली होती ना, तर म्हणाली, "हो का? मला वाटलं नुसता पाऊस होता."

खांबावरचे_काका

छान झालं बाळा. सिलिंडर मात्र परत देऊ नकोस, भरलेला आहे का ते महिन्यातून एकदा बघत जा. आणि नावबदलाची पोच पावती जपून ठेव, पॅनलच्या अर्जाला लागेल.